वडिलांच्या ३४ डायऱ्या आणि पानशेतच्या दिवसाची एक आठवण

माळ्यावरची:

सदाशिव पेठेतला आमचा वाडा गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेला. सामान हलवताना माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली आणि तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या वडिलांच्या ३४ डायऱ्या निघाल्या. पहिली १९५८ सालची, शेवटची १९९१ची. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. दर जानेवारीत कुठून ना कुठून भेट मिळालेली डायरी ते जपून घरी आणत, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु तिच्यात ते रोज लिहीत असत, हे आईखेरीज कोणालाच माहीत नव्हते.

खरे सांगायचे तर पहिले काही दिवस माझी निराशाच झाली. तीन-चार ओळींच्या वर नोंद नाही. पाऊस पडला की नाही, कोणाचे पत्र आले, कोण जेवायला होते, रॉकेल मिळाले की नाही, आणि शेवटी त्या दिवसाचा खर्च. माझ्या जन्माच्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘पहाटे ४.१० वाजता कन्या. दोघी सुखरूप. अर्धा दिवस रजा मांडली. पाऊस नाही.’ मी हे वाचून हसले, आणि थोडी रुसलेही.

मग १९६१ची डायरी उघडली. आमच्या घरात १२ जुलैला पानशेतची, म्हणजे १९६१ साली पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची, गोष्ट सांगितली जाई. वडील लकडी पुलाच्या अलीकडे गर्दीत उभे होते, पूल पाण्याखाली गेलेला त्यांनी स्वतः पाहिला, आणि एका लाकडी पलंगावर बसलेले मांजर पुरातून वाहत जाताना पाहिले, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की ते मांजर मलाच दिसल्यासारखे वाटते. डायरीतली नोंद मात्र अशी आहे: ‘बुधवार. ताप १०२. दिवसभर अंथरुणात. धाकटा पूल बघून आला, फार भयंकर म्हणतो. आपल्याकडे पाणी नाही. वीज नाही, नळ नाही.’ ‘धाकटा’ म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, माझे काका. पूल बघून आले ते काका; वडील त्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते.

वडील खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हते, याची मला खात्री आहे. त्यांना जाऊन आता ११ वर्षे झाली, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. या एका नोंदीमुळे मी, वयाच्या ५५व्या वर्षी, स्वतः रोजनिशी लिहायचे ठरवले आहे. काय लिहावे, कशावर लिहावे, कोणासाठी लिहावे आणि ते टिकावे कसे, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे अशी विनंती आहे.


निवृत्त_मास्तर:

माळ्यावरचीताई, आपल्या वडिलांना दोष देऊ नका. मी महाविद्यालयात ३० वर्षे मानसशास्त्र शिकवले, आणि आपण सांगितलेला प्रकार वर्गात समजावताना मला परदेशातले उदाहरण द्यावे लागे; आता सदाशिव पेठेतले मिळाले.

ते परदेशातले उदाहरणही सांगतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कोणाकडून कळली’ हे लिहून घेतले, आणि अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. बहुतेकांच्या उत्तरांत फरक पडला होता, अनेकांची गोष्ट तर पूर्णच बदललेली होती, आणि तरीही ती सांगताना त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावर काहींनी अक्षर आपलेच असल्याचे मान्य केले, पण आठवण आताचीच खरी, असे सांगितले. आठवण ही कपाटातून काढून पुन्हा ठेवलेल्या साडीसारखी नसते. दर वेळी काढताना तिची घडी नव्याने पडते. भावाने डोळ्यांत प्राण आणून सांगितलेले दृश्य तापात पडून ऐकले, पुढे वर्षानुवर्षे ते आपल्या तोंडून सांगितले, आणि सांगणारा हळूहळू त्या दृश्यात जाऊन उभा राहिला.

आता ‘काय लिहावे’ याविषयी. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षे स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २४०० घटना लिहून ठेवल्या. प्रत्येक घटनेत काय घडले, कोण होते, कुठे आणि केव्हा, असे चार तपशील वेगवेगळे नोंदवले, आणि नंतर एकेक तपशील दाखवून बाकीचे आठवते का, याची स्वतःवरच परीक्षा घेतली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘काय’ हा तपशील सर्वांत उपयोगी ठरला आणि ‘केव्हा’ हा जवळजवळ निरुपयोगी. तारीख अवश्य घाला, ती इतिहासाच्या कामाची आहे. परंतु तारखेवरून माणसाला काही आठवत नाही. ‘आज मन फार प्रसन्न होते’ या वाक्यावरूनही वीस वर्षांनी काही आठवत नाही. कोणत्या हॉटेलात बसलो, छत्री कोणाची विसरली, भाजीत काय कमी पडले, हे लिहा. आपल्या वडिलांना हे न शिकवताच कळले होते.


पानगळ:

वेगळे मत मांडते. मी दहा वर्षांच्या डायऱ्या स्वतःच्या हाताने बंबात घातल्या आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. विसरणे ही माणसाला मिळालेली मोठी सोय आहे.


वहीतली_वही:

पानगळताई, तुमचे म्हणणे मला कळते. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात माझी डायरी सासरी वाचली गेली. वाचली गेली इतकेच नव्हे, तर रात्री जेवताना त्यातली दोन वाक्ये मला ऐकवली गेली. त्यानंतर सहा वर्षे मी एक अक्षर लिहिले नाही. पुढे लिहू लागले ते घरखर्चाच्या वहीत, वाणसामानाच्या ओळींच्या मध्ये. ‘साबण २, तूरडाळ १ किलो, आईचा फोन, आवाज थकलेला, गूळ अर्धा किलो.’ हिशेबाची वही घरात कोणीही उघडत नाही, हे माझ्या लक्षात आले होते. बायकांच्या डायऱ्या जुन्या घरांत कमी का सापडतात, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर त्याने स्वयंपाकघरातल्या वह्या एकदा नीट वाचून पाहाव्यात.

दुसऱ्याची डायरी वाचावी का, हा मुद्दा धाग्यात अजून कोणी काढलेला नाही, म्हणून मीच काढते. माळ्यावरचीताईंचे वडील हयात नाहीत आणि त्यांनी त्या डायऱ्या जाळल्याही नाहीत. त्यामुळे वाचण्यात मला गैर वाटत नाही. पण ज्यांना आपले लिहिलेले कोणी वाचू नये असे वाटते, त्यांनी तसे पहिल्या पानावर स्पष्ट लिहून ठेवावे, आणि मुलांनी ते पाळावे.


निवृत्त_मास्तर:

पानगळ यांच्या प्रतिसादाला जोडून एक सांगायचे राहिले. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६च्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या दुखऱ्या घटनेविषयी लिहायला सांगितले होते. लिहिताना त्यांना त्रास झाला, परंतु पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तिथे उपयोग लिहिण्याचा होता, जपून ठेवण्याचा नव्हता. त्यामुळे मन मोकळे करण्यासाठी लिहिलेला कागद बंबात गेला तर काहीच बिघडत नाही. दोन हेतूंसाठी दोन वेगळ्या वह्या असाव्यात, असे मला वाटते. जतनाच्या वहीत मनाचा निचरा करायला लागलो की काही दिवसांनी ती वही उघडायचाच कंटाळा येतो.


अबचौकर:

अप्पा बळवंत चौकात २२ वर्षे लेखनसाहित्याच्या दुकानात काम केले आहे, तेव्हा ‘कशावर लिहावे’ या प्रश्नाचा अधिकार माझ्याकडे घेतो.

लोक वहीच्या पुठ्ठ्याला भुलतात. चामड्याचे वेष्टन, रेशमी फीत आणि आत लाकडाच्या लगद्याचा हलका कागद, असे असेल तर काही वर्षांत पान पिवळे पडून कडेने तुटू लागते, कारण त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळे पडते आणि कागदातले आम्ल त्याचे तंतू कमजोर करते. वर्तमानपत्राची रद्दी आणि जुने पुस्तक यांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः हाच. वडिलांच्या भेटीच्या डायऱ्या टिकल्या, त्यात बऱ्यापैकी कागदाचा जितका वाटा, तितकाच फडक्याचा आणि अंधाराचाही असणार. ज्यांना चोखंदळपणा परवडतो त्यांनी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांपासून केलेला कागद पाहावा. ही संस्था १९४० पासून आहे. मात्र त्या कागदावर टाकाची शाई फुटते का, हे आधी एका कोपऱ्यात तपासावे.

शाईची परीक्षा घरीच करता येते. चार पेनांनी एका कागदावर चार ओळी लिहा, कागदाचे दोन तुकडे करा, एक पाण्यात बुडवा आणि दुसरा दोन महिने खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवा. शाळेतली धुता येणारी निळी शाई पाण्यात वाहून जाईल. बॉलपेन पाण्याला दाद देत नाही, पण उन्हात फिके पडू शकते. जेलपेनांत रंगद्रव्याची शाई टिकते, विरघळणाऱ्या रंगाची पसरते, आणि टोपणावर हे लिहिलेले नसते. साध्या शिसपेन्सिलीला लोक हसतात. परंतु ती ना पाण्याने जाते ना उजेडाने, तिला फक्त घासण्यापासून जपावे लागते. खोडता येणाऱ्या पेनांनी मात्र चुकूनही लिहू नका. त्यांची शाई ६० अंशांच्या आसपास उष्णतेने अदृश्य होते, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेली वही तितकी तापायला वेळ लागत नाही.

आणखी एक सवय. सिनेमाची तिकिटे, हॉटेलची बिले लोक आठवण म्हणून डायरीत चिकटवतात. हल्लीचे बिल उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असते, ते काही वर्षांत कोरे होते. त्यातला मजकूर शेजारी हाताने उतरवून घ्यावा. सेलोटेप नको, तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो. स्टेपलची पिन गंजते. लॅमिनेशन तर नकोच नको. एकदा केले की परत फिरता येत नाही.


कॅलेंडरवाली:

आमच्या आईने कधी डायरी लिहिली नाही, पण भिंतीवरची कॅलेंडरे १९७९ पासून एकही टाकून दिले नाही. दर तारखेच्या चौकोनात दुधाचे आकडे, गॅस लावल्याची खूण, कामवालीचे खाडे, शाळेची फी, कोणाच्या तरी मंगळागौरीची वेळ. मागच्या वर्षी आम्ही बहिणी ती सगळी घेऊन बसलो. ज्या दिवशी दूध एकदम दोन लिटर, त्या दिवशी बासुंदी, म्हणजे कोणीतरी पाहुणे. मग ‘कोण आले होते गं?’ असे म्हणत तिघींच्या आठवणी एकमेकींना दुरुस्त करत गेल्या. एका फेब्रुवारीत सलग अकरा दिवस दुधाचा आकडा नाही. तेव्हा आजोबा रुग्णालयात होते आणि घरात चहाही होत नव्हता. आईने त्या दिवसांविषयी एक शब्द लिहिलेला नाही, आणि तरीही ते दिवस तिथे आहेत.


रोजकीर्द:

कॅलेंडरवालीताईंच्या आईंची पद्धत या शहराला परकी नाही. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्द असे. त्या दिवशीचा जमाखर्च, दिलेले हुकूम, नेमणुका, इनामे, यांची दिवसवार नोंद कारकुनांनी मोडी लिपीत करायची, असा तो शिरस्ता. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले निवडक उतारे छापले, आणि रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात बाहेर आले. अठराव्या शतकातल्या पुण्यात लोक काय खात, कशाला किती मोजत, कोणत्या गुन्ह्याला काय दंड होता, हे आपल्याला कळते ते फार करून अशा रुक्ष नोंदींतून. लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत, हे वाटलेही नसेल.

याच्या उलट टोकाला वरसईच्या गोडसे भटजींचे प्रवासवृत्त आहे. १८५७च्या धामधुमीत ते उत्तरेत होते, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परंतु लिहिले ते पाव शतक उलटून गेल्यावर, आठवणीतून, आणि ते छापले गेले १९०७ मध्ये. वाचताना पुस्तक खाली ठेवत नाही इतके ते जिवंत आहे. मात्र त्यातला काळवेळ अभ्यासकांना इतर कागदांशी ताडून पाहावा लागतो. गोडसे भटजींनी रोज चार ओळींची नोंद ठेवली असती तर काय बहार झाली असती, असे मला नेहमी वाटते. आणि मग असेही वाटते की कदाचित ते पुस्तक इतके चांगले झालेच नसते.

अवांतर: ज्यांच्या घरी पणजोबांच्या मोडी वह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला दाखवाव्यात. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात.


टंकबिघाड:

मी संगणकावर लिहिणारा. १९९८ ते २००५ या काळातली माझी रोजनिशी एका जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली आहे. फाइल शाबूत आहे, ती उघडते, आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या काळी देवनागरीचे अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र होते, आणि तो फाँट आता माझ्याकडे नाही. वाळवीने खाल्लेल्या वहीत निदान भोकांच्या मधले वाचता येते. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत असलेल्या पद्धतीत, लिहिलेल्या मजकुराला हा धोका फार कमी आहे, म्हणून मी आता साध्या मजकुराच्या फाइलमध्येच लिहितो.

दुसरा धडा ऑर्कुटने दिला. ते संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आणि वेळेत उतरवून न घेतल्यामुळे माझे मित्रांशी झालेले कित्येक वर्षांचे लेखी बोलणे माझ्यापुरते नाहीसे झाले. परक्याच्या जागेत ठेवलेली वही आपली नसते. म्हणून तीन प्रती ठेवतो: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक नाशिकला बहिणीकडे. दर दिवाळीत वर्षभराचे लेखन छापून त्याची बांधणी करून घेतो. परवलीचा शब्द बायकोला माहीत आहे; तो कोणालाच माहीत नसेल तर आपल्यामागे ती फाइल असून नसल्यासारखीच.


ओढ्याकाठचा:

टिकवण्याविषयी माझा अनुभव कडू आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. आईच्या वह्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होत्या. मी घाईने पाने सुटी केली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात टाकली; पाने वाकडी होऊन एकमेकांना चिकटली, आणि उरलेल्यांवर बुरशी आली. नंतर एका ग्रंथपालांनी सांगितले की भिजलेली वही उघडायची घाई करू नये. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालून तो वारंवार बदलावा, आणि दोन दिवसांत सगळ्यांकडे लक्ष देणे शक्य नसेल तर वह्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे बुरशी थांबते आणि एकेक वही सवडीने वाळवता येते. फ्रीज आमचाही पाण्यातच होता, पण शेजाऱ्यांचा वरच्या मजल्यावर होता. हे त्या रात्री माहीत असते तर!

वह्या जमिनीपासून उंच ठेवा, हवा खेळू द्या. डांबराच्या गोळ्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या वह्यांना पावसाळ्यात कसर लागली नाही तरी दमट वास येतोच.


माळ्यावरची:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मी १९६१ची डायरी घेऊन कोथरूडला काकांकडे गेले. ते आता ८०च्या घरात आहेत. त्यांना आधी काही न सांगता, पानशेतच्या दिवशी तुम्ही पुलाकडे गेला होता का, असे विचारले.

ते म्हणाले, “नाही गं, मी कुठला? दादा गेला होता. मला आईने जाऊ दिलं नाही, मी घरीच होतो. दादाने पलंगावरचं मांजर पाहिलं.”

मला काय बोलावे ते सुचेना. म्हणजे ज्याने पाहिले, त्याच्याकडेही ती आठवण उरलेली नव्हती. मोठ्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकून काकांनी ती वडिलांना देऊन टाकली होती. मी १२ जुलैचे पान काढून दिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, आणि मास्तरांनी सांगितले होते अगदी तसेच म्हणाले, की अक्षर दादाचेच आहे, पण दादाने काहीतरी चुकीचे लिहिले आहे. तापात होता ना.

मी वाद घातला नाही. निघायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी स्वतःच पुढचे पान उलटले. १३ जुलैची नोंद मी घाईत वाचलीच नव्हती. ‘ताप उतरला. धाकट्याच्या चपला काल चिखलात गेल्या. नवीन घेणे. आडाचे पाणी ओढून काढले, ३० घागरी.’

काका बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “चपला. डावी आधी गेली. उजवी मी हातात घेऊन आलो, आईने ती फेकू दिली नाही, म्हणाली जोडी सापडेल.” काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की साठ वर्षांच्या संसारात हे मी आज पहिल्यांदा ऐकते आहे.

मांजराविषयी मी पुन्हा विचारले. ते त्यांना अजूनही आठवत नाही.

घरी आल्यावर अबचौकरांनी सांगितल्याप्रमाणे तपासून ठेवलेल्या पेनाने पहिली नोंद केली: ‘रविवार. कोथरूडला काकांकडे. चपलेची गोष्ट. काकूंनी थालीपीठ केले, लोणी संपले होते. येताना बस ४० मिनिटे आली नाही. पाऊस नाही.’